तीन नावांचं फोल्डर

१

विक्रम मांडगेच्या डोक्यात पहारेचे तीन घाव होते आणि टेबलावरच्या काळ्या डब्यावर अकरा. फौजदार चांगदेव होल्यांनी ते दोनदा मोजले. माणसाला मारायला जेवढा जोर लागला, त्याच्या तिप्पट-चौपट जोर मारणाऱ्यानं त्या डब्यावर काढला होता.

न्हावऱ्याच्या शिवेवर मांडग्यांचं दुमजली घर. वरच्या खोलीत विक्रम खुर्चीतूनच पुढे टेबलावर कोसळला होता. रक्त ओघळून फरशीवर साचलं होतं आणि त्यात डब्याच्या पत्र्याचे, तारांचे तुकडे पडले होते. पहार पलंगाखाली ढकललेली. घरचीच, गोठ्यातली.

"मागनं मारलंय साहेब," शिपाई म्हणाला. "वळून बघायलाबी येळ मिळाला न्हाई."

"किंवा बघायची गरज वाटली न्हाई. दार समोर दिसतंय. आलेल्या माणसाला बघून मंग पाठ फिरवलीय त्यानं. परक्याकडं कोण पाठ करून बसतं?"

विक्रम बत्तीस वर्षांचा, बिनलग्नाचा. रांजणगावच्या एका कंपनीत कॉम्प्युटर सांभाळायचा, दुसऱ्या पाळीला. म्हणून सकाळी घरी असायचा. थोरला भाऊ भारत त्या गुरुवारी पहाटेच कांदा घेऊन शिरूरच्या बाजाराला गेला होता. वहिनी सविता वरच्या रानात म्हशींसाठी कडवळ कापत होती. म्हातारे वडील इनामगावला थोरल्या लेकीकडे होते. साडेबाराला सविता भारा घेऊन परतली, दिराला जेवायला हाक मारायला वर गेली, आणि तिच्या किंकाळीनं वस्ती गोळा झाली.

चांगदेव विक्रमला ओळखत होते. अकरा महिन्यांपूर्वी त्याची धाकटी बहीण नकुशी घरच्याच विहिरीत सापडली होती. 'पाय घसरून पडल्याने मृत्यू' असा कागद चांगदेवांनीच केला होता. त्यानंतर विक्रम तीनदा शिरूरच्या ठाण्यात आला.

"साहेब, त्या कठड्यावरनं ती लहानपणापासनं पळत आलीय. तिचा पाय घसरंल का?" तो दर वेळी हेच विचारायचा.

तिसऱ्या वेळी चांगदेवांनी वैतागून सांगितलं होतं, "पुरावा दाखव, मंग बघू."

आता ते त्याच्याकडे बघत उभे होते. तेवढ्यात जिन्यावर पावलं वाजली. शेजारच्या घरात राहणारा चुलता, सोसायटीचा चेअरमन शंकरराव, दारात आला. पुतण्याच्या फुटलेल्या डोक्यावरून त्याची नजर सरकली ती थेट डब्यावर थांबली.

"आतलं समदं गेलं का?" त्यानं विचारलं.

२

"आतलं म्हंजी काय?" चांगदेवांनी त्याला अंगणात नेऊन बाजेवर बसवलं.

शंकररावानं सांगितलं ते असं. दोन वर्षांपूर्वी विक्रमनं तो डबा आणून बसवला. घरादाराचे फोटो, लग्नांच्या फिती, सातबारे, सगळं त्यात. घरातल्यांच्या मोबाईलवर ते दिसायचं. प्रत्येकाला वेगळं नाव आणि वेगळा पासवर्ड दिलेला. भारतला, शंकररावाला आणि नकुशीचा नवरा हृतिक याला, कारण लग्नाचे फोटो त्यालाही हवे होते.

"आन् मंगळवारी नवं फोल्डर आलं," शंकरराव म्हणाला. "त्याच्यावर लिव्हलं व्हतं, 'पंपावरचा कॅमेरा'. आत एकच फाईल. हात लावला की पासवर्ड मागती."

"पंपावर कॅमेरा हाय?"

"मला तरी म्हाईत न्हाई. पंप विहिरीपाशीच हाय, म्हणून मनात आलं. नकुशीचं काय घावलं का काय, असं."

"तुम्ही विक्रमला इचारलं?"

"न्हाई." शंकररावानं टोपी काढून मांडीवर ठेवली. "भ्यालो. कसं सांगू तुमास्नी. थोरल्या दादानं, विक्रमच्या बापानं, रस्त्याकडंची वीस गुंठं नकुशीच्या नावावर करायचं ठरवलं व्हतं, नवऱ्यानं हाकलली म्हणून. मला ती जागा सोसायटीच्या गोडाऊनला पायजे व्हती. त्यावरनं माझं आन् पोरीचं वाजलं व्हतं. मी तिच्या मुस्काडीत दिली व्हती, पंपापाशीच, समद्या गावासमोर. कॅमेऱ्यात माझं तेवढंच पाप असंल. पण मारणं माझ्या हातनं झालं न्हाई."

"आज अकरा ते साडेबारा कुठं व्हता?"

"सोसायटीत. मधी तासभर घरी आलो व्हतो." तो थांबला. "हितंच. शेजारी."

चांगदेव पुढचा प्रश्न विचारणार, तोच रस्त्यावरून आरडाओरडा आला. शिपाई धावत आला. "साहेब, चला लवकर. हृतिकला मारत्याती. जीव जाईल त्याचा."

३

मयताची खबर ऐकून हृतिक दौंडवरून मोटारसायकलनं आला होता. बाजारातून नुकत्याच परतलेल्या भारतनं त्याला फाट्यावरच गाडीवरून खाली ओढलं. चांगदेव पोचले तेव्हा भारत त्याच्या छातीवर बसला होता, हातात गाडीची साखळी. हृतिकचा एक डोळा बंद झाला होता, पुढचे दोन दात धुळीत पडले होते, आणि भोवती उभ्या वीस-पंचवीस माणसांतलं एकही पुढे होत नव्हतं.

चांगदेवांनी साखळीवर काठी मारली. दोघा शिपायांनी मिळून भारतला उचललं तेव्हा कुठं तो बाजूला झाला.

"ह्यानंच माझी बहीण खाल्ली," भारत धापा टाकत म्हणाला. "आता भाऊबी खाल्ला."

हृतिकला गाडीत घातलं. तोंडाला रुमाल दाबून तो बोलू लागला.

"नकुशीला मी मारायचो, साहेब. खोटं बोलणार न्हाई. दारूच्या पायी मारायचो. पण ती गेली तवा मी कुरकुंभला कंपनीत ड्युटीवर व्हतो, ते तुम्हीच तपासलं व्हतं."

"आन् आज?"

"आज सुट्टी. घरी एकलाच व्हतो."

"डब्यात नवं फोल्डर बघितलं व्हतं?"

हृतिकनं मान हलवली. "मंगळवारी. 'विहिरीवरचा कॅमेरा'."

चांगदेवांनी गाडी थांबवायला लावली. "नीट आठव. पंपावरचा?"

"विहिरीवरचा. चार वेळा वाचलंय मी. त्या विहिरीचं नाव मी इसरंन का? बाकीची फोल्डरं लग्नाची, जुनीच. पंपाबिंपाचं काय नव्हतं."

डबा एक, यादी एक, दिवस एक. दोघांनी दोन नावं वाचली होती. म्हणजे दोघांतला एक सरळ खोटं बोलत होता. पण असल्या गोष्टीत खोटं बोलून कोणाचा काय फायदा, तेच चांगदेवांना उमगेना.

४

भारत उतरत्या उन्हात गोठ्याच्या उंबऱ्यावर बसला होता. बोटांची सालटं निघालेली. चांगदेव त्याच्या शेजारी टेकले.

"भारत, डब्यात नवं काय दिसलं व्हतं का?"

"मला काय दिसतंय त्यातलं." मध्येच त्याचा फोन वाजला. त्यानं खिशातून बटणांचा जुना फोन काढला, 'मयतीला उद्या या' एवढंच सांगून ठेवून दिला. "कांद्याचा भाव इचारायला एवढा बास हाय मला."

तो सकाळी सहापासून शिरूरच्या बाजारात होता. आडत्यानं, हमालांनी, चहावाल्यानं त्याला पाहिलं होतं. तो एकपर्यंत तिथून हललाच नव्हता.

चांगदेव गोठ्याला वळसा घालून मागे गेले. तिथल्या भिंतीवर दिव्याच्या स्विचचा लाकडी बोर्ड होता. तो मुळापासून उखडलेला होता. वर पन्हाळीतलं चिमण्यांचं घरटं ओढून खाली टाकलेलं, अंडी फुटून वाळलेली. भिंतीला पहारेच्या टोकाचे चार-पाच खोल दणके होते. वासा आणि भिंत यांच्यातली फटसुद्धा कोणीतरी खरवडून काढली होती.

मागून सविता आली. चाळिशीची, उंच, मनगटानं पुरुषासारखी. अठरा वर्षांपूर्वी दोन म्हशींवर सुरू केलेला गोठा तिनं बावीसवर नेला होता. चाळीस लिटरचं कॅन ती एकटी उचलून टेम्पोत ठेवायची. तिचे डोळे रडून सुजले होते.

"हे कवा झालं, सविताबाई?"

"त्यो मारेकरी हिकडनंच पळाला असंल, साहेब. जाताना तोडलं असंल. सकाळी धारा काढल्या तवा समदं धड व्हतं."

"म्हशी रातच्या हितं मागं बांधता?"

"व्हय. दिवसा पुढच्या अंगाला."

चांगदेव खाली वाकले. भिंतीच्या सिमेंटचे पडलेले तुकडे खुरांखाली चुरा होऊन ओल्या मातीत रुतले होते. त्यांनी नखानं एक तुकडा उकरून काढला आणि खिशात टाकला. सविताला ते काही बोलले नाहीत. म्हशी गुरुवारी सकाळी इथून हलल्या होत्या. म्हणजे ही तोडफोड बुधवारीच झाली होती, खुनाच्या आदल्या दिवशी.

पळणारा माणूस चिमणीचं घरटं कशाला उकरील? कोणीतरी इथं काहीतरी शोधत होतं.

निघताना शिपायानं फुटलेल्या डब्याचा तळ पुढे केला. त्यावर एक चिकटपट्टी होती: दौंडच्या एका दुकानाचं नाव, आणि फोन नंबर.

५

दौंड स्टेशनसमोरच्या गल्लीत समृद्धीचं दुकान होतं. सव्वीस वर्षांची मुलगी, कॅमेरे आणि असले डबे बसवून द्यायची. विक्रमचं ऐकून ती उठली. दुकानाच्या मागच्या खोलीत गेली आणि एका फळीवरच्या काळ्या डब्याकडे बोट दाखवलं. हुबेहूब तसाच.

"हा त्यांचाच आहे, काका. घरात आग लागली, चोरी झाली तरी फोटो राहावेत म्हणून त्यांनी दुसरा इथं ठेवला होता. तिकडचं सगळं रोज याच्यात उतरतं. ही गोष्ट फक्त मला आणि त्यांना माहीत."

चांगदेव स्टुलावर बसले. अकरा घाव घालणाऱ्यानं नुसता अर्धा डबा फोडला होता म्हणायचा.

"मला एक सांग पोरी. एकाच डब्यात एकाला 'पंपावरचा' दिसतो, दुसऱ्याला 'विहिरीवरचा'. कोण खोटं बोलतंय?"

"कोणीच नाही." समृद्धीनं स्क्रीन त्यांच्याकडे वळवला. "ही एक खूण बघा. ही केली, की ज्याला ज्या फोल्डरची परवानगी नाही, त्याला त्याचं नावसुद्धा यादीत दिसत नाही. ते आहे हेच त्याला कळत नाही. सोमवारी त्यांचा फोन आला होता. विचारत होते, तीन फोल्डर करायचेत, तिघांना एकेकच दिसायला पाहिजे, जमेल का. मी म्हटलं, ही खूण करा आणि परवानग्या वाटा, झालं. कशासाठी, तर म्हणाले, घरातलं काम आहे."

"तीन?"

"हे बघा. शंकरराव: पंपावरचा कॅमेरा. हृतिक: विहिरीवरचा कॅमेरा." तिनं बोट खाली सरकवलं. "आणि भारत: गोठ्यामागचा कॅमेरा."

चांगदेवांच्या डोळ्यांसमोर ती खरवडलेली भिंत आली.

विक्रमनं पुराव्याचं आमिष लावलं होतं. तिघांना तीन जागा सांगितल्या होत्या. ज्यानं नकुशीला मारलं, तो घाबरून कॅमेरा शोधायला जाणार. आणि जाणार तो त्याच जागी, जिचं नाव फक्त त्यानं वाचलंय. निघताना त्यांनी विहिरीवर चक्कर मारली होती; पंपाला कोणी हात लावला नव्हता. विहिरीला लावला नव्हता. गोठ्याची मागची भिंत मात्र पहारेनं उकरली होती.

"कुणी कुठल्या मोबाईलवर उघडलं, ते कळंल का?"

"ती नोंद तिकडच्या डब्यातच राहते. इथं येत नाही."

"म्हंजी भारतचं फोल्डर," चांगदेव स्वतःशीच म्हणाले. पण भारत खुनाच्या वेळी पन्नास माणसांत बाजारात उभा होता. आणि त्याच्या खिशात बटणांचा फोन होता, ज्यावर फोल्डर दिसणंच शक्य नव्हतं.

"पोरी," त्यांनी विचारलं, "भारतचं नाव आन् पासवर्ड तू कुणाच्या मोबाईलवर घालून दिला व्हतास?"

समृद्धीनं आठवलं. "त्यांच्या बायकोच्या. त्यांना म्हशींचे आणि मुलांचे फोटो ठेवायचे होते."

६

शुक्रवारी दुपारी विक्रमची माती झाली. संध्याकाळच्या धारांच्या वेळी चांगदेव परत गोठ्यावर गेले. म्हशींना कोण थांबायला सांगणार. सविता एकटीच वैरण तोडत बसली होती. महिला शिपाई फाटकाशी उभी राहिली. भारत आत कॅन धूत होता.

चांगदेव उभ्यानंच बोलले.

"सविताबाई, मंगळवारी तुमच्या मोबाईलवर एक फोल्डर दिसलं. 'गोठ्यामागचा कॅमेरा'. ते दुसऱ्या कुणालाच दिसत नव्हतं. बुधवारी तुम्ही पहार घेऊन ही भिंत उकरली. कॅमेरा घावला न्हाई. मला म्हणालात, गुरुवारी सकाळी भिंत धड व्हती. पण भिंतीचे तुकडे म्हशींनी रातभर तुडवलेत. रोज दोन येळा हितं धारा काढणाऱ्या बाईला ते दिसलं न्हाई, हे मी कसं मानू?"

सविताचा विळा थांबला नाही. "मोबाईल ह्यांच्या नावाचा हाय. ह्यास्नी इचारा."

"ते बाजारात व्हते. तुम्ही कडवळ कापत व्हता, आन् ते कुणी बघितलं न्हाई. भिंतीत कॅमेरा मिळाला न्हाई, म्हणून तुम्ही डब्याकडं गेलात. विक्रमनं वहिनीला दारात बघितलं आन् बिनघोर पाठ केली. हा गोठा ज्या वीस गुंठ्यांत हाय, तीच जागा नकुशीच्या नावावर व्हणार व्हती, व्हय ना? अठरा वर्सं तुम्ही उभा केलेला गोठा."

आतला कॅन खाली पडला. भारत दारात येऊन उभा होता.

सविता ज्या वेगानं उठली, त्या वेगाची चांगदेवांना कल्पना नव्हती. विळा त्यांच्या गळ्यावर येत होता. त्यांनी हात आडवा घातला आणि पातं मनगटापासून कोपरापर्यंत मांस फाडत गेलं. रक्ताची चिळकांडी म्हशीच्या पाठीवर उडाली. म्हशी दावी तोडायला लागल्या. दुसरा वार पडायच्या आत भारतनं तिचा हात धरला, पिरगळला, हाड मोडल्याचा आवाज झाला. मग त्यानं तिला गव्हाणीच्या दगडावर आपटलं. एकदा. दुसऱ्यांदा.

"भारत, सोड," चांगदेव एका हातानं त्याच्या कमरेला मिठी मारून ओरडत होते. "मरंल ती. तुला फासावर जायचंय का? सोड."

महिला शिपाई धावत आली तेव्हा तिघेही शेणात आडवे पडले होते.

७

हाताला एकोणीस टाके पडले. दुसऱ्या दिवशी समृद्धीचा फोन आला.

"काका, विक्रमदादांच्या स्वतःच्या फोल्डरमध्ये त्या फाईलची उघडी प्रत सापडली. तिन्ही फोल्डरमध्ये एकच फाईल होती."

"काय हाय त्यात?"

"काहीच नाही. कोरं पान. कॅमेरा कुठेच नव्हता, काका."

रविवारी चांगदेव दवाखान्यात सविताला भेटले. तिच्या डोक्याला पट्टी होती, हात गळ्यात अडकवलेला. त्यांनी तिला कोऱ्या पानाचं सांगितलं. 

"नकुशीला मी मारायला गेले नव्हते," ती म्हणाली. "ती म्हणली, वहिनी, जागा माझ्या नावावर झाली तरी गोठा तुमचाच. मला खरं वाटलं न्हाई. तिला ढकललं तर गव्हाणीवर पडली. हुंकार येत व्हता. त्यो थांबवला मी. दाव्यानं. मंग उचलून विहिरीवर नेली."

"आन् विक्रम?"

"पहार दाराआड ठिवून आत गेले. इचारलं, भावजी, गोठ्यामागच्या कॅमेऱ्यात काय दिसतंय? एवढंच इचारलं. त्यानं माझ्याकडं बघितलं. त्याला समदं कळलं साहेब, माझ्या त्वांडनं त्या कॅमेऱ्याचं नाव निघाल्याबरूबर. त्यो तसाच फिरला, टेबलावर डोकं टेकलं आन् लहान पोरासारखा रडाया लागला. ह्या घरात आले तवा चौदा वर्सांचा व्हता त्यो. माझ्या हातचं जेवला." तिनं डोळे मिटले. "त्याचं ते रडू मला ऐकवंना."

चांगदेव उठले. ठाण्यात जाऊन त्यांनी नकुशीचा कागद पुन्हा उघडण्याचा अर्ज लिहिला. पहिल्या तपासात चूक झाली आणि ती आपली होती, हे त्यात स्पष्ट लिहिलं. वरच्या साहेबांनी तो वाचून विचारलं, "होले, निवृत्तीला चार महिने राहिले. एवढं स्वतःचं नाव कशाला घालता?"

"ज्यानं चूक केली त्याचंच नाव हाय, सर," चांगदेव म्हणाले.

तिथून ते इनामगावला गेले. विक्रमचे वडील दगडोबा मातीला येऊन परत लेकीकडेच राहायला गेले होते. त्या घरात पाऊल टाकणार नाही म्हणाले होते. घोडनदीच्या बाजूला तोंड करून ते ओट्यावर बसले होते. गल्लीत बायका धान्य निवडत होत्या, चार माणसं पारावर होती.

चांगदेव त्यांच्यासमोर खाली बसले. "आबा, नकुशीचा पाय घसरला नव्हता. मी चुकीचं लिव्हलं व्हतं."

म्हाताऱ्यानं हात कानामागे नेला. त्यांना कमी ऐकू येत होतं. "आँ?"

चांगदेवांनी गल्लीकडे एकदा पाहिलं. मग सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं त्यांनी तेच वाक्य पुन्हा म्हटलं. आबांनी मान हलवली नाही. त्यांना अजून ऐकू गेलं नव्हतं. चांगदेव आणखी जवळ सरकले आणि तिसऱ्यांदा, होता नव्हता तेवढा आवाज काढून बोलले, "चूक माझी व्हती, आबा. विक्रम तीनदा आला व्हता. मी त्याचं ऐकलं न्हाई."

गल्लीतले सगळे हात थांबले होते. दगडोबांनी कानामागचा हात खाली घेतला आणि बाजूला सरकून ओट्यावर त्यांच्यासाठी जागा केली.